अपघाताच्या फिर्यादीपासून ढाब्यापर्यंत

‘आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून…’ महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोलिस ठाण्यात अपघाताची फिर्याद वाचायला घ्या, हे वाक्य भेटतंच. पीएचडीच्या सुरुवातीला मी अशा फिर्यादींचे गठ्ठेच्या गठ्ठे वाचले. वाहन ट्रक असो की दुचाकी, मध्यरात्र असो की भर दुपार, वाक्य तेच. यात पोलिसांना दोष द्यायचा नाही. त्यांना गुन्हा नोंदवताना कलम लावायचं असतं. तेव्हा ते दंड संहितेचं २७९ आणि ३०४ अ असायचं, आता न्याय संहितेचं २८१ आणि १०६ असतं. कलम टिकायचं तर निष्काळजीपणा लिहावाच लागतो. पण चालकाची चूक ठरली की आपल्याकडे चौकशी संपते, आणि माझं काम नेमकं तिथून सुरू होतं. हा माणूस त्या क्षणी, त्या जागी असा का वागला?

वाहनचालकांचं वर्तन हा माझ्या अभ्यासाचा विषय. या क्षेत्रात कसं यायचं, असं विचारणारी मुलंमुली हल्ली बरीच भेटतात. दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यातली. पुणे–सातारा रस्त्याने गेलेल्यांना खंबाटकी माहीत असेल. साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागायचा. पुण्याकडे येताना बोगदा होता आणि बोगदा संपला की उतारावर एस वळण. त्या वळणावर गाड्या उलटायच्या, कठड्याला धडकायच्या. गावात एकच बोललं जायचं, ‘ड्रायव्हर बेफिकीर.’ मला पडलेला प्रश्न साधा होता. कोल्हापूरपासून दीडशेहून जास्त किलोमीटर नीट आलेला माणूस नेमका या एवढ्याशा तुकड्यावरच बेफिकीर कसा होतो? पुढे शिकताना कळलं की या प्रश्नावर अख्खी शाखा उभी आहे. आपल्या केंद्रीय रस्ते मंत्रालयाची ‘ब्लॅक स्पॉट’ची व्याख्याही तेच सुचवते: राष्ट्रीय महामार्गावरचा साधारण ५०० मीटरचा तुकडा, जिथे तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजा झालेले पाच अपघात घडले, किंवा दहा माणसं गेली. माणसं बदलत राहतात, जागा तीच राहते.

सिव्हिल इंजिनिअरिंग झाल्यावर पहिली नोकरी एका सल्लागार कंपनीत मिळाली. काम वाहनमोजणीचं आणि वेग मोजण्याचं. रडार गन घेऊन रस्त्याकडेला उभं राहायचं, पण दिसायचं नाही. गन दिसली की चालक ब्रेक लावतो, आणि समोरून येणाऱ्यांना डिपर देऊन सावध करतो. पुढचा अर्धा तास मोजलेला वेग कुचकामी. म्हणून उभ्या टेम्पोच्या आडोशाने मोजायचं. मोजलेल्या वेगांवरून आम्ही ८५ पर्सेंटाइल काढतो, म्हणजे शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत आहेत तो वेग. हा वेग आणि फलकावरचा वेग यांत जे अंतर दिसतं, त्याने मला या विषयाकडे ओढलं. चालक फलक वाचून वेग ठरवत नाही. रस्ता किती रुंद, डांबर किती गुळगुळीत, पुढचं किती दिसतंय यावर त्याचा पाय ठरतो. चौपदरी सरळ रस्ता बांधायचा, गावाजवळ एक ‘४०’ची पाटी लावायची आणि मग चालकाला दोष द्यायचा, हे मला तेव्हाच खटकू लागलं.

वेगाच्या बाबतीत चूकभूल परवडत नाही. जागतिक आरोग्य संघटना ज्या सूत्राचा आधार घेते त्यानुसार सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघातांचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. यामागचं गणित स्वीडनच्या योरान निल्सन यांचं. एम.टेक.ला वाहतूक अभियांत्रिकी घेतली तेव्हा हे सगळं नीट वाचायला मिळालं. विल्यम हॅडन या अमेरिकी डॉक्टरांचा तक्ता तिथेच पहिल्यांदा पाहिला. ते १९६६ साली तिथल्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेचे पहिले प्रमुख झाले. रस्त्यावरच्या मृत्यूंकडे त्यांनी साथरोगाचा अभ्यास करावा तसं पाहिलं: अपघाताआधी, अपघाताच्या क्षणी आणि अपघातानंतर, अशा तीन ओळी, माणूस, वाहन आणि परिसर असे स्तंभ. प्रत्येक चौकटीत काहीतरी करता येण्यासारखं असतं. आपल्याकडच्या बहुतेक चर्चा एकाच चौकटीत अडकतात, अपघाताआधीचा माणूस.

त्याच वर्षी आमच्या सरांनी वर्गात विचारलेला प्रश्न आजही माझ्या टेबलावर लिहून ठेवलाय. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात १९७० च्या दशकात झालेला एक मोठा अभ्यास सतत सांगितला जातो, नव्वद टक्क्यांहून जास्त अपघातांत मानवी घटक सापडला म्हणून. सर म्हणाले, “चूक माणसाची असेल. पण उपायही माणसावरच करायचा, हे कुणी ठरवलं?” स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ‘व्हिजन झीरो’ स्वीकारलं ते याच विचाराने. माणूस चुकणारच, हे धरून रस्ता असा बांधायचा की चुकीची शिक्षा मरण नसावी.

पीएचडीला प्रवेश मिळाला तेव्हा फेलोशिप महिना २५ हजारांची होती. घरच्यांना वाटायचं, चालू नोकरी सोडून हे कशाला. कोर्सवर्कमध्ये संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र दोन्ही घेतलं. सिव्हिलवाल्यांना दुसरं जड जातं, पण त्यावाचून चालत नाही. मग सुरू झाली पोलिस ठाण्यांची वारी.

फिर्यादीत जागा लिहिलेली असते ती अशी: ‘मौजे अमुक गावचे हद्दीत, हॉटेल तमुकसमोर, पुणे ते सातारा जाणाऱ्या लेनवर.’ हॉटेलचं नाव दोन वर्षांत बदललेलं असतं. मला हवा असतो किलोमीटर आणि मीटरचा आकडा. एका ठाण्यातले निवृत्तीला आलेले हवालदार माझी धडपड काही दिवस पाहत होते. एकदा म्हणाले, “मॅडम, कागदात काय शोधताय? चला, दाखवतो.” त्यांच्या मोटारसायकलमागे माझी स्कूटर. ते थांबत आणि बोट दाखवत: हा कठडा, तो बाभळीचा बुंधा, ही साइडपट्टी जिथे डांबरापासून वीतभर खाली गेलीय. एका ठिकाणी म्हणाले, “पहिला पाऊस पडला की तासाभरात इथं गाड्या फिरतात. नंतर आठवडाभर धो धो पडला तरी काही होत नाही.” रस्त्यावर साठलेलं तेल, टायरचं रबर आणि धूळ पहिल्या सरीत ओली होऊन बुळबुळीत थर बनतो, चांगला पाऊस झाला की तो धुऊन जातो. पुस्तकात हे एका ओळीत असतं. हवालदारांना ते जागेसकट ठाऊक होतं, आणि त्यांच्या कागदात त्यासाठी रकाना नव्हता.

२०२१ पासून आयरॅड ही संगणकीय नोंद सुरू झाली. मद्रास आयआयटी आणि एनआयसी या सरकारी संगणक संस्थेने ती उभी केली. पोलिस आता जागेवरूनच मोबाइलवर अक्षांश-रेखांश आणि फोटो टाकतात. आजच्या विद्यार्थ्यांची ती पायपीट वाचली, आणि ते फार चांगलं झालं. तरीही कारणाच्या रकान्यात ‘अतिवेग’ सगळ्यात सोपा पर्याय राहतोच. देशात २०२२ साली ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू नोंदले गेले; त्यातले ७० टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या नावे आहेत. हा आकडा वापरताना मी दर वेळी सांगते की वेग प्रत्यक्ष मोजून ही नोंद क्वचितच झालेली असते. वेग मारतो यात शंका नाही. पण ज्या रकान्यात सगळंच बसतं, त्या रकान्यावरून रस्ता दुरुस्त करता येत नाही.

पंचनामे वाचायची सवय होते, असं मला कुणी सांगितलं होतं. होत नाही. घटनास्थळी मिळालेल्या वस्तूंची यादी असते: चप्पल एक, फुटलेला आरसा, स्टीलचा डबा, त्यात चपाती व भाजी. त्या यादीपुढे मी कित्येकदा थांबले आहे. जो विद्यार्थी या कामात येतो त्याला मी आधीच सांगते की वाचून झाल्यावर कुणाशी तरी बोलत जा. घरी जाऊन गप्प बसू नकोस.

माझ्या अभ्यासाचा गाभा होता लांब उतारावरचे ट्रकचालक. त्यासाठी ढाबे गाठायचे होते, आणि त्याआधी विद्यापीठाची एथिक्स कमिटी. कुणालाही प्रश्न विचारण्याआधी त्याची लेखी संमती घ्यावी लागते. ढाब्यावर फॉर्म काढला की पहिला प्रश्न यायचा, “सही कशाला? केस होईल का?” समितीने तोंडी संमतीला मान्यता दिली तेव्हा कुठे माणसं बोलती झाली. मी आणि प्रकल्पातला एक सहकारी संध्याकाळी जायचो. अंघोळ आणि जेवण उरकून चालक बाजेवर टेकले की ती वेळ बोलण्याची. त्याआधी भूक असते, त्यानंतर झोप.

चालकांच्या वर्तनासाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली आहे, मँचेस्टरला १९९० साली तयार झालेली. ती विसरभोळेपणा, चूक आणि जाणूनबुजून केलेलं उल्लंघन वेगवेगळं मोजते. हा फरक मला अतिशय महत्त्वाचा वाटतो, कारण तिन्हींवरचे उपाय निराळे. पण आपल्या महामार्गावर ट्रक उजवी लेन धरून चालतात आणि मोटारी डावीकडून पुढे काढतात. तिथले प्रश्न इथे जसेच्या तसे चालत नाहीत. शिवाय समोर वही घेतलेली बाई बसली की प्रत्येकाचं उत्तर ‘कधीच नाही’. मोबाइल? कधीच नाही. डुलकी? कधीच नाही.

मग आम्ही विचारणं बदललं. “तुमच्या हाताखाली नवा पोरगा आला, तर हा उतार कसा उतरायचा म्हणून शिकवाल?” इथे माणसं खुलली. उत्तर प्रदेशातला एक, नांदेडचा एक, बेळगावकडचा एक, सगळे जवळजवळ तेच सांगत होते. माथ्यावर आलं की न्यूट्रल. गाडी आपोआप धावते, डिझेल वाचतं. ट्रिपला मालक ठरावीक डिझेल देतो. त्यातलं जे वाचेल ते चालकाचं. भत्ता अपुरा, पगार ट्रिपवर. त्या हिशेबात न्यूट्रल हा त्याचा कमाईचा मार्ग आहे. फिर्यादीत ज्याला अविचार म्हटलंय, त्यामागे पूर्ण विचार होता.

यातली दुःखाची गोष्ट अशी की आताच्या इंजिनांत हा हिशेब चुकतो. गाडी गियरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की कॉमन रेल इंजिन उतारावर इंधनाचा फवारा बंदच करतं. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला डिझेल पीत राहावं लागतं. म्हणजे वाचत काहीच नाही, उलट इंजिनाचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पुन्हा पुन्हा दाबलेले ब्रेक तापतात, लायनर पकड सोडतात. पूर्ण भरलेला ट्रक मग पायाला दाद देत नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून पुण्याच्या नवले पुलाकडे येणारा लांबलचक उतार डोळ्यांपुढे आणा. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका मालवाहू गाडीच्या धडकेने सुरू झालेल्या अपघातात पन्नासच्या आसपास वाहनांचं नुकसान झालं. त्यानंतर फलक लागले, रंबल स्ट्रिप आल्या, ‘गाडी न्यूट्रल करू नका’ असं सांगणं सुरू झालं. सांगायला हवंच. पण ज्याला न्यूट्रलमध्ये पैसे दिसतात, त्याच्यासाठी फलक पुरेसा नाही.

झोपेचंही तसंच. किती झोप येतेय हे चालकानेच एक ते नऊमधल्या आकड्यात सांगायचं, अशी कॅरोलिन्स्का मोजपट्टी वापरतात. चालक आधी म्हणतो, “एकदम फ्रेश.” मग विचारायचं की काल कुठे झोपलात, किती वाजता उठलात, गाडी कुठून निघाली. बेरीज तोच करतो आणि गप्प होतो. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा, तो नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता. त्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास काम लिहिलं होतं. ढाब्यावर हे वाचून दाखवलं तेव्हा एका वयस्कर चालकाने मला तो कागद पुन्हा वाचायला लावला. त्याला तो कायदा असल्याचंच माहीत नव्हतं.

सिम्युलेटरचा टप्पा त्यानंतरचा. मोटारीच्या पुढच्या भागासारखी बैठक, समोर पडदे, स्टिअरिंग, पेडल. प्रयोगासाठी आलेल्या चालकांनी दाराबाहेर चपला काढल्या, बसण्याआधी स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला. गाडी खोटी आहे हे त्यांना ठाऊक होतं, तरीही. पहिल्याच वळणावर एकाने विचारलं, “हॉर्न कुठाय?” त्या यंत्रणेत हॉर्नची नोंदच नव्हती, कारण ती जिथे बनली तिथल्या वाहतुकीत हॉर्नचं काम नसतं. आपल्या घाटात हॉर्न म्हणजे ‘मी येतोय’ ही सूचना. हॉर्नचं बटण जोडून आणि पडद्यावरच्या दुचाकींना लेन सोडून हवं तसं घुसायला शिकवून मगच आम्ही प्रयोग घेतला. यात बराच काळ गेला आणि तो जाणं योग्यच होतं. काहींना पडद्याकडे बघून मळमळतं. त्यांना लगेच थांबवायचं, आग्रह करायचा नाही.

सिम्युलेटरचं मोल यात आहे की रस्त्यावर जे करून बघणं पाप, ते इथे करता येतं. मोबाइलवर बोलणाऱ्या चालकापुढे अचानक म्हैस आणता येते. रस्त्यांची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था चालकाचा प्रतिसादकाळ अडीच सेकंद धरते. ताशी ८० किलोमीटरला तेवढ्यात गाडी ५५ मीटर पुढे गेलेली असते, ब्रेकला पाय लागायच्या आत. थांबायला एकूण १२० मीटर दिसायला हवेत असं मानक सांगतं. फोनवर गुंतलेल्या माणसाचे हे अडीच सेकंद पुरत नाहीत, आणि फोन हातात नसून कानात असला तरी फारसा फरक पडत नाही. लक्ष बोलण्यात गेलेलं असतं. हे चालकाला स्वतःचा आलेख दाखवून सांगितलं की तो ऐकतो. व्याख्यान ऐकत नाही.

तिसरी पद्धत व्हिडिओची. इमारतीच्या गच्चीवर कॅमेरा लावून चौकाचं चित्रण करायचं आणि एकेक फ्रेम पाहत थोडक्यात टळलेले प्रसंग शोधायचे. दोन गाड्या आहेत त्याच वेगाने गेल्या तर किती सेकंदांत धडकतील, हे मोजायचं. अपघात होण्याची वाट न पाहता धोका ओळखता येतो, म्हणून ही पद्धत मला सर्वांत माणुसकीची वाटते. कंटाळवाणी मात्र आहे. तासाभराच्या चित्रणाला दिवसच्या दिवस जातात.

उपाय केल्यावर खरंच फरक पडला का, हे ठरवणं सगळ्यात अवघड. जिथे यंदा फार अपघात झाले, तिथे पुढच्या वर्षी काही न करताही ते कमी होण्याची शक्यता असते, कारण आपण जागा निवडलेलीच असते वाईट वर्ष पाहून. रस्ता सुरक्षेचे संशोधक एझ्रा हॉवर यांनी यावर आयुष्यभर काम केलं. अशाच इतर जागांशी तुलना करून हा भ्रम काढून टाकावा लागतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ मृत्यू झाले. सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलिस आणि महिंद्रा यांनी मिळून तिथे काम केलं, कठडे दुरुस्त केले, धोकादायक ठिकाणं सुरक्षित केली, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत आकडा निम्म्याच्या आसपास आला. एकाच रस्त्यावर वर्षानुवर्षं टिकून राहून काम केलं तर माणसं वाचतात, एवढं यातून मी नक्की म्हणते.

नोकरीचं विचाराल तर वाटा आहेत. आयआयटी-एनआयटींचे वाहतूक विभाग, दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था (सीआरआरआय), दिनेश मोहन यांनी आयआयटी दिल्लीत उभं केलेलं केंद्र, रस्ता सुरक्षा ऑडिट करणाऱ्या सल्लागार कंपन्या, वाहन उद्योग, स्वयंसेवी संस्था. पगार आयटीएवढा नाही. संख्याशास्त्र पक्कं करा, प्रोग्रामिंग शिका, हिंदी बोलायची लाज सोडा आणि जमेल तेव्हा ट्रकच्या केबिनमधून एक रात्र प्रवास करा. उतारावर स्टिअरिंगमागे काय दिसतं आणि काय दिसत नाही ते समजेल.

मी सध्या काही ट्रकमालकांबरोबर एक प्रयोग करतेय. इंजिनातला डिझेलचा वापर दर सेकंदाला नोंदवायचा आणि उतार उतरल्यावर चालकाला फोनवर दाखवायचा, गियरमध्ये किती आणि न्यूट्रलमध्ये किती. आकडा पाहिला की माणसं मानतात, वाद घालत नाहीत. परवा एका चालकाने तो नीट पाहिला, फोन मला परत दिला आणि म्हणाला, “ताई, डिझेल वाचत नाही हे पटलं. मग भत्त्याचे पैसे कुठून काढायचे, तेही मालकाला विचारा.” पुढच्या महिन्यात मालकांची बैठक आहे. त्यात हा प्रश्न मी पहिला ठेवला आहे.